निर्गुडीला आमंत्रण

निर्गुडीच्या पाल्याचा वास मला कधीच आवडला नाही. उग्र, कडसर, थेट डोक्यात जाणारा. लग्न होऊन आले तेव्हापासून तो वास नाकात आहे. सासूबाई होत्या तोवर रोज होता, आणि त्या गेल्यावर मी दारं-खिडक्या सताड उघड्या टाकून तो घालवला. सुटले बाई एकदाची, असं तेव्हा वाटलं. कोणाला वाईट वाटायचं तर वाटू दे. माझं आणि सासूबाईंचं कधी पटलं नाही हे आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे, आणि त्या गेल्यावर चारचौघांत खोटे कढ काढणं मला जमलं नाही.

झाड मात्र राहिलं. इंदिरानगरच्या आमच्या रो-हाउसच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीला लागून मातीची एक चिंचोळी पट्टी आहे, तिथे ते उभं आहे. सासूबाई चांदवडकडच्या. त्यांचे वडील गावात झाडपाल्याची औषधं द्यायचे. आम्ही हे घर घेतलं तेव्हा सासूबाईंनी माहेरच्या ओढ्याकाठची एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीतून आणली आणि मागे खोचली. फांदी लगेच फुटली. निर्गुडीचं तसंच आहे, कुठेही खोचा, मरायचं नाव घेत नाही. त्या गेल्यावर मी माळ्याला बोलावून झाड काढायला निघाले होते, पण आमच्या ह्यांनी काढू दिलं नाही. हे म्हणजे माझे यजमान. नाव घ्यायची सवय नाही, तेव्हा हेच.

सासूबाईंना गुडघ्यांचा संधिवात होता, आणि आता मला आहे. रक्ताचं नातं नाही, दागिने नणंदेला गेले, आणि दुखणं तेवढं सुनेच्या वाट्याला आलं. काय म्हणायचं ह्याला! डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि सांगितलं, काकू, गादी झिजलीय, आज ना उद्या ऑपरेशन करावं लागेल. तोवर गोळ्या घ्या, व्यायाम करा, वजन उतरवा. वजनाचं ऐकून मला जो राग आला तो वेगळाच. पण ऑपरेशन म्हणजे काही आठवडे तरी कोणाच्या तरी आधारानं उठायचं-बसायचं. आणि माझ्या घरात आधार द्यायचा तो मीच.

कारण ह्यांना विसर पडायला लागला होता. नाशिक रोडला सरकारी नोकरीत उभी हयात काढलेला माणूस, फाइलीतला कागद कधी इकडचा तिकडे होऊ दिला नाही, आणि आता चहा घेतला की नाही हे आठवेना. सदऱ्याची बटणं एक सोडून एक लावायचे. मध्येच चपला घालून निघायचे. मग मागे मी. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, बघा, काका-काकू कसे जोडीनं फिरायला निघालेत. डोंबलाचं फिरायला! मी पळत असायची, गुडघ्यांना जमेल तितकं.

मुलगा बंगळुरूला असतो. त्यानं फोनवर स्पष्टच सांगितलं, "आई, तुझे पाय चालेनासे झाले तर बाबांना कुठेतरी ठेवावं लागेल. पुण्यात अशा माणसांसाठी चांगल्या जागा आहेत. दिवाळीला येतो, तुझं चालणं बघतो, मग ठरवू." चालणं बघतो म्हणे! मुलगी बघायला येतात तसं. फोन ठेवल्यावर मी भांडी आपटली, पण त्याचं खोटं नव्हतं. माझे पाय चालतील तोवर हे घरात राहणार. पाय थांबले की हे परक्या खाटेवर, परक्या माणसांत, आणि संध्याकाळी घाबरतात तेव्हा पाठीवरून हात फिरवायला तिथे कोण असणार? माझा सगळा जीव त्या दोन गुडघ्यांत अडकला होता.

गणपती उठल्यानंतरची गोष्ट. एका सकाळी मी पलंगावर बसून पाय खाली टाकायची हिंमत गोळा करत होते. उठल्यावरची पहिली पावलं म्हणजे नको तो जीव. इतक्यात हे मागच्या दारानं आत आले. ओंजळीत निर्गुडीचा पाला.

"अहो, हे काय आणलंत?"

बोलले नाहीत. ओठ घट्ट मिटलेले. तसेच स्वयंपाकघरात गेले आणि तवा चढवला. मी धडपडत मागे गेले, कारण गॅस मी ह्यांच्या हाती देत नाही. पण ह्यांनी तिळाचं तेल घातलं, पाला मंद आचेवर परतला, गॅस आठवणीनं बंद केला, पाला फडक्यात घेतला, मनगटाला लावून किती गरम आहे ते पाहिलं. मला वेताच्या खुर्चीवर बसवलं आणि गुडघ्यांवर बांधला. ज्या माणसाला बटणं लावता येत नव्हती, त्यानं अशी गाठ मारली की ती चालताना सरकली नाही आणि रुतलीही नाही. मला रडूच आलं. सगळं विसरले, पण माझे गुडघे नाही विसरले, असं वाटून मी तो अख्खा दिवस हवेत होते.

ही ह्यांच्या आजोळची पद्धत. औषधाचा पाला ओरबाडून आणायचा नसतो. आदल्या संध्याकाळी झाडापाशी जायचं, बुंध्याला हळदकुंकू लावायचं, अक्षता ठेवायच्या आणि आमंत्रण द्यायचं. अमक्याचं अमुक दुखतंय, उद्या न्यायला येतो. मग पहाटे, उजाडायच्या आत जायचं आणि पाला घरात येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. ज्याचं दुखतं त्यानं स्वतः तोडायचा नाही, दुसऱ्यानं तोडायचा. बांधून झालेला पाला कचऱ्यात न टाकता झाडाच्या बुडाशी घालायचा. सासूबाईंसाठी हे अगदी लहानपणापासून तोडत आले, आधी जुन्या घरापाशी, मग इथे. नोकरीत होते तेव्हाही आधी आईचा पाला, मग ड्यूटी. मी ह्या सगळ्याला थोतांड म्हणायची, आणि तोंडावर म्हणायची.

पण दुपारी फडकं सोडलं आणि उभी राहिले तर पाय हलका वाटला. उगाच का खोटं बोलू? वाटला.

दुसऱ्या संध्याकाळी मी मागच्या दाराच्या आड उभी राहिले. हे हळदकुंकवाची कोयरी घेऊन झाडापाशी वाकले होते. बोटानं बुंध्याला कुंकू लावलं आणि अगदी स्पष्ट, जुन्या आवाजात म्हणाले, "आईचे गुडघे फार दुखताहेत. उद्या पहाटे येतो. ये."

आईचे! माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे काल मला खुर्चीवर बसवलं ते आई म्हणून. एवढ्या प्रेमानं बांधलं ते आईला. एकदा सासूबाई असताना माझा गुडघा सुजला होता, तेव्हा मी मूठभर पाला मागितला होता. त्या म्हणाल्या, "तरुण बायकांना कसली गं दुखणी? हा पाला माझ्या नावाचा आहे." हे तिथेच उभे होते आणि एक चकार शब्द बोलले नव्हते. आता त्या गेल्या तरी पाला त्यांच्याच नावाचा! सुंभ जळला तरी पीळ काही जाईना.

मी तिथून वळणार, तेवढ्यात पाहिलं, हे वाकलेलेच होते आणि मान हलवत होते. हं. हं. बरं. समोरचं माणूस काही सांगत असावं आणि आपण ऐकत असावं, तशी. मग हसले आणि म्हणाले, "नाही विसरणार." वारा नव्हता, आणि निर्गुडीचं एकही पान हलत नव्हतं.

तरी मी पाला बांधून घेत राहिले. राग गिळला. मला दिवाळीपर्यंत चालता यायला हवं होतं, आणि पाला कोणाच्या का नावाचा असेना, गुडघ्यावर तर माझ्याच होता. गोळ्या चालू होत्या, खुर्चीवर बसून पाय लांब करायचे व्यायामही करत होते. डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाले, "सूज उतरलीय. शेकानं आराम पडतो, चालू ठेवा. हाड आहे तसंच आहे, गोळ्या सोडू नका." हाड आहे तसंच असू दे, मला जिना चढता येत होता.

आमच्याकडे रोज भल्या पहाटे एक फुलवाली येते. शहराबाहेर तिचं शेत आहे, शेवंती आणि झेंडू लावतात. वर्षानुवर्षांची आहे, सासूबाईंना चांगली ओळखायची. ती मागच्या गल्लीतून येते आणि फुलपुडी आमच्या फाटकाला अडकवून जाते. त्या दिवशी तिनं बेल वाजवली.

"ताई, आजी कवा आल्या वो?"

"कुठल्या आजी?"

"तुमच्या सासूबाई. लय दिसांनी दिसल्या. मागं निरगुडीपाशी उभ्या हायेत, नऊवारीत. भाऊ पाला तोडतायत न त्या सांगतायत, हितली घे, तितली घे. म्या हाक मारली तर वळल्या नाय."

मी त्या वेळी पलंगावर होते. आणि नऊवारी मी जन्मात नेसलेली नाही.

"अगं, त्या जाऊन किती वर्षं झाली! दहाव्याला तू आली होतीस की."

तिला ते आठवलं आणि तिचा चेहरा उतरला. हातातली पुडी तिनं पायरीवर ठेवली, माझ्या हातात दिली नाही. मग हळूच विचारलं, "भाऊ कोणाच्या नावानं मागतायत पाला?" मी सांगितलं. सांगायला नको होतं, पण तोंडातून गेलं.

"अगं बाई," ती म्हणाली, "मेलेल्या माणसाच्या नावानं पाला मागू नये, ताई. झाडाला काय ठावं कोण हाय न कोण नाय? ते बोलावतंय. मग माणूस येतं आपला पाला घ्यायला."

"सकाळी सकाळी काय अभद्र बोलतेस गं? नीघ इथून!" मी तिला हाकललंच. दुसऱ्या दिवसापासून आमची फुलपुडी शेजारच्या फाटकाला अडकवलेली असायची. शेजारीण आणून द्यायची आणि विचारायची, काय झालं हो, भांडलात का? मी म्हणायची, हो, भांडले.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण त्यानंतर मी घरात कान टवकारून वावरायला लागले, एवढं खरं. आणि जे कानावर यायला नको ते माझ्याच तोंडून आलं. सासूबाई उठताना गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून म्हणायच्या, "उठा राणीसाहेब, उठा." मला त्याचा इतका तिटकारा होता! एके सकाळी मी पलंगावरून उठले आणि शांत खोलीत ऐकू आलं, उठा राणीसाहेब. मी मागे वळून पाहिलं. मग कळलं, मीच म्हणाले होते. त्या डावा पाय जरा घासत चालायच्या. माझा जास्त दुखतो तो उजवा, आणि तरी माझी डाव्या पायाची चप्पल झिजायला लागली.

भिंतीचं तर मी कोणालाच सांगितलं नाही. स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी सासूबाई येता-जाता हात टेकायच्या, त्याचा तेलकट डाग तिथे पडला होता. त्या गेल्यावर मी भिंतीला नवा रंग देऊन घेतला होता. तो डाग परत उमटायला लागला. आधी म्हटलं, मीच हात टेकत असेन, आजकाल मलाही आधार लागतो. म्हणून मुद्दाम उभी राहिले आणि हात टेकून पाहिला. माझा हात डागाच्या वर वीतभर पडला. सासूबाई माझ्याहून ठेंगण्या होत्या.

त्या दिवशी मी ठरवलं, पुरे झालं. संध्याकाळी हे कोयरी शोधायला लागले तसं मी समोर बसवून सांगितलं, "अहो, आई नाहीत आता. गेल्या त्या. पाला नको तोडू."

तोडू नका म्हणायच्या जागी तोडू म्हणाले, हे माझं मलाच खटकलं. पण ह्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"कधी गेली?"

"झाली की कितीतरी वर्षं."

"मला कोणी सांगितलं कसं नाही?"

आणि असे रडले म्हणून सांगू, दहाव्यालाही रडले नव्हते तसे. मी हजारदा स्वतःला शिव्या घातल्या. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आई गेली हे विसरले होते, पण काहीतरी हरवलंय एवढं आठवत होतं. मी आंघोळीला गेले, बाहेर आले तर दार उघडं.

कशी पळाले ते माझं मला ठाऊक. पाला नव्हता, गुडघ्यांत सुया खुपसल्यासारखं होत होतं. शेवटी इंदिरानगरच्या बोगद्यापाशी, हायवेच्या अगदी कडेला सापडले. ट्रक अंगावर वारा टाकून जात होते, आणि हे एका रिक्षावाल्याला शांतपणे विचारत होते, "चांदवडची गाडी कुठे थांबते? आईला आणायला जायचंय."

मी दंड धरला. "अहो, चला घरी."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी सभ्यपणानं दंड सोडवून घेतला आणि म्हणाले, "माफ करा, मी ओळखलं नाही आपल्याला. तुम्ही कोण?"

रिक्षावाला बघत होता. लग्नापासून ह्या माणसाला मी कधी अरे-तुरे केलेलं नाही. भांडले तेही अहो म्हणूनच भांडले. पण तो ट्रकांचा आवाज, आणि ते परक्यासारखं तुम्ही कोण. मी तोंड उघडलं.

"अरे बाळ, चल घरी. माझे गुडघे दुखताहेत. पाला कोण बांधणार मला?"

लगेच आले. माझा हात धरून, रस्त्याच्या आतल्या बाजूनं. वाटेत म्हणाले, "आई, तू अशी उन्हात कशाला आलीस गं?" मी म्हटलं, "तुला न्यायला आले." घरी येऊन कोयरी मीच काढून दिली. ज्या बाईशी मी हयातभर भांडले, तिची जागा मी त्या दिवशी राजीखुशीनं घेतली. नाहीतर हा माणूस माझ्या हातात राहत नव्हता. आणि भीती वाटत नव्हती असं नाही. संध्याकाळी हे मागे वाकून बोलायला लागले की मी देवघरातली घंटा उगाच वाजवत बसायची.

दिवाळीला मुलगा आला. त्यानं खरंच माझं चालणं पाहिलं. मी गच्चीवर जाऊन कपडे वाळत घालून आले, चकलीचा सोऱ्या दाबला, पाटावर बसून उठून दाखवलं. त्याचं तोंड जरा उजळलं. पण सकाळी त्यानं पाहिलं, बाबा मला आई म्हणताहेत, आणि मी त्यांना अरे म्हणतेय.

मला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, हे काय चालवलंयस? हे फार पुढे गेलंय. मला नाही वाटत बाबांना आता इथे ठेवता येईल. आणि तुला तरी. तू आजीसारखी दिसायला लागलीयस."

"अजून चार दिवस आहेस ना? आधी फराळ कर," मी म्हटलं. माझे पाय चालत होते, आणि तरी गोष्ट हातातून निसटत होती. आगीतून फुफाट्यात म्हणतात तसं.

पाडव्याच्या सकाळची गोष्ट. मी वेताच्या खुर्चीवर, हे खाली बसून पाला बांधताहेत, मुलगा हॉलच्या दारात चहाचा कप घेऊन उभा. गाठ मारून झाली. हे उठले नाहीत. दाराकडे चोरटी नजर टाकली, आपलं कोणी ऐकत नाही ना अशी, आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"आई, एक बोलू? रागावू नकोस."

"बोल."

"थोडा पाला तिलाही दे ना. तिचेही गुडघे दुखतात. ती बोलत नाही, तोंडानं नुसती तडतड करते, पण झोपेत कुशीवर वळताना कण्हते. मी ऐकतो. मागे तू तिला नाही म्हणालीस तेव्हा मी गप्प बसलो. तेव्हापासून मला फार वाईट वाटतं गं."

ह्या एका वाक्याची मी किती वर्षं वाट पाहिली असेन! आणि ते मला, पण मला नव्हे. मला आई म्हणून उत्तर द्यायचं होतं, हो म्हणायचं होतं, आणि ओठ हलेनात. हे वर बघत थांबले होते. शाळेतलं पोर थांबतं तसे.

आणि माझ्या मागे, स्वयंपाकघराच्या चौकटीपाशी, कोणीतरी दमल्या आवाजात म्हणालं, "दे रे बाळ. तिलाही दे."

ह्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. चेहरा असा निवळला! "बरं," म्हणाले, आणि उठून हात धुवायला गेले.

मी वळले नाही. वळायची छाती झाली नाही. मुलाच्या कपातला चहा बशीत सांडला होता. तो आधी चौकटीकडे बघत होता, मग माझ्या तोंडाकडे.

"आई, ते तूच बोललीस ना?"

"मग कोण बोलणार?" मी खेकसले. पण माझं तोंड मिटलेलं होतं. ते त्यानंही पाहिलं होतं आणि मलाही माहीत आहे.

त्या संध्याकाळी ह्यांनी झाडाला दोन आमंत्रणं दिली. पहिलं आईच्या नावानं. मग बुंध्याच्या दुसऱ्या बाजूला कुंकू लावलं, अक्षता ठेवल्या आणि माझं नाव घेतलं. कित्येक महिन्यांनी घेतलं. मी दाराच्या आड उभी राहून पदर तोंडात कोंबून रडले. मुलगा माझ्या शेजारी उभा होता, त्यानंही ऐकलं. त्यानं माझा हात धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोन जुड्या आल्या. एक माझ्या गुडघ्यांवर बांधली आणि म्हणाले, "अगं, घट्ट नाही ना झालं?" अगं! तोच आवाज, लग्नानंतरच्या दिवसांतला. मी म्हटलं, "नाही हो, बरोबर आहे." अहो म्हणताना जिभेला किती बरं वाटलं. मग ह्यांनी दुसरी जुडी घेतली, वेताची खुर्ची चौकटीपाशी ओढली आणि खाली बसून रिकाम्या खुर्चीच्या पुढच्या दोन्ही पायांना, गुडघ्याच्या उंचीवर, पाला बांधला. हळुवार, एकेक गाठ बघून.

भाऊबीज झाल्यावर मुलगा परत गेला. जाताना म्हणाला, "बाबांना इथेच राहू दे. तुला ओळखतात इथे." फाटकापर्यंत जाऊन परत आला आणि विचारलं, "आई, तू राहशील ना नीट? म्हणजे, दोघंच तुम्ही."

"दोघं कुठे," मी म्हटलं, आणि त्याचा चेहरा पाहून जीभ चावली. मी जा, गाडी चुकेल म्हणून त्याला पिटाळलं.

त्याला आता बरेच दिवस झाले. ह्यांचं सगळंच परत आलं असं नाही. चपला घालून निघतात, चहा विसरतात, पण मी कोण हे विसरत नाहीत. मला आता आई म्हणत नाहीत. माझी चाल माझी झालीय, चप्पल उजव्या पायाची झिजते. खुर्ची चौकटीपाशीच असते, आम्ही कोणी तिच्यात बसत नाही, आणि बाहेरून कोणी आलं तर मी पटकन दुसरी पुढे करते.

दुपारी पाला सोडायचं काम माझं. माझ्या गुडघ्यावरचा पाला ओलसर, मऊ निघतो. खुर्चीच्या पायांचा सोडते तर तो करपलेला असतो, कडकडीत, हातात चुरा होतो. लाकडाला बांधलेला पाला असा का वाळावा, हे कोणाला विचारायची सोय नाही. पहिल्या दिवशी मी तो हातातून टाकून देवघरात पळाले होते.

आता पळत नाही. खाली बसते, बसायला वेळ लागतो, आणि गाठीला हात घालायच्या आधी सांगते, "आई, सोडते हं." मग हळूच सोडते. दुखत असणार त्यांना.